डिसेंबरात लेक घरी येणार: तिकीट आत्ता काढायचं की थांबायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, म्हणजे कुठे चुकत असेन तर लगेच सांगता येईल. लेक, जावई आणि दोन नातवंडं न्यू जर्सीला असतात. तुमच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन २७ डिसेंबरला साताऱ्यात करायचं ठरलंय आणि चौघांना त्यासाठी यायचंय. नात नऊ वर्षांची आहे, धाकटा नातू ४ जानेवारीला दोन पूर्ण करतो. आज, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, नेवार्क ते मुंबई जाऊन-येऊन माणशी १६५० डॉलर दिसताहेत. जावई म्हणतात, घेऊन टाकू. लेकीला ऑफिसात कुणीतरी सांगितलंय की सहा आठवडे आधी भाव पडतात आणि मंगळवारी मध्यरात्री बघायचं असतं. तुम्हाला वाटतंय की इथून रुपयांत काढलं तर काही वाचेल का. आणि अगदीच डोईजड झालं तर लेकीनं एकटीनं यावं आणि तुम्ही दोघांनी जानेवारीत तिकडे जाऊन नातवंडांना भेटावं, असाही एक विचार घरात चाललाय.

मी पुण्यात तिकिटांचंच काम करतो आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेत मुलं असलेल्या घरांचा आहे. त्यामुळे दर पावसाळ्यात हा प्रश्न माझ्या टेबलावर असतोच. सगळेजण विचारतात, ‘कधी काढू?’ माझा पहिला प्रश्न मात्र असतो, ‘तारीख किती हलते?’ तारीख हलत नसेल तर थांबून मिळणारं फारसं काही नसतं. दोन-चार दिवस हलत असेल तर तिथे जेवढे पैसे सुटतात, तेवढे योग्य मुहूर्तावर बुकिंग करून सहसा सुटत नाहीत.

हे असं का, ते कळायला भाडं कसं ठरतं हे थोडं आतून बघावं लागेल. विमान कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी तिकीटविक्री उघडतात. इकॉनॉमीच्या सगळ्या खुर्च्या सारख्याच असल्या तरी विकताना त्यांचे दहा-बारा कप्पे केलेले असतात. त्यांना आम्ही ‘क्लास’ म्हणतो आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. माझ्या पडद्यावर एखादं विमान उघडलं की अशी ओळ दिसते: वाय ९, बी ९, एम ९, एच ६, क्यू ३, के ०, एल ०. वाय सगळ्यात महाग, एल सगळ्यात स्वस्त. ९ म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त, कारण त्यापुढचा आकडा पडदा दाखवतच नाही. वरच्या उदाहरणात स्वस्त के आणि एल संपलेत किंवा कंपनीने ते उघडलेच नाहीत, आणि आज मिळणारं सगळ्यात कमी भाडं क्यूचं आहे. त्याचीही तीनच तिकिटं उरलीत.

आता तुमच्या लेकीने संकेतस्थळावर चार प्रवासी टाकून शोधलं तर काय होईल? क्यूमध्ये तीनच जागा आहेत, म्हणून ती यंत्रणा चौघांनाही एचचं भाडं लावेल. तिघांना स्वस्त आणि एकाला महाग असं ती आपणहून करत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच असतं की त्याच विमानासाठी आधी एक प्रवासी टाकून भाव बघा, मग दोन, मग तीन. एखाद्या आकड्यावर माणशी भाव एकदम उडी मारतो. तिथे कप्पा संपला असं समजायचं. मग आई आणि नात एका पीएनआरवर, वडील आणि नातू दुसऱ्यावर, असं फोडून घेता येतं. तोटा एवढाच की विमान चुकलं किंवा रद्द झालं तर कंपनी दोन्ही पीएनआर वेगवेगळे हाताळते. म्हणून तिकीट झाल्यावर कंपनीला फोन करून दोन्ही एकमेकांना जोडून घ्या, तशी नोंद करून देतात. फरक माणशी पन्नास-साठ डॉलरचा असेल तर मी हा उपद्व्याप करत नाही. दोनशेचा असेल तर करतो.

डिसेंबरातल्या विमानांत हे स्वस्त कप्पे मुळातच थोडे ठेवलेले असतात. कंपनीकडे मागच्या वर्षांची विक्री असते. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात अमेरिकेतून भारतात येणारी विमानं भरणारच, हे तिला तुमच्या-आमच्या आधी ठाऊक असतं. मग शेवटी भाव पाडून जागा भरायचं तिला कारण काय? हापूसची पेटी फेब्रुवारीत महाग निघते आणि मे उजाडेपर्यंत उतरत जाते, म्हणून आपल्याला थांबायची सवय असते. गर्दीच्या दिवसांतल्या विमानाचा भाव बरोबर उलट्या दिशेने चालतो.

‘सहा आठवडे आधी’ ही गोष्ट अगदीच खोटी नाही. ती मंदीच्या दिवसांतली आहे. फेब्रुवारीत किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीला जागा रिकाम्या राहण्याची भीती असते, तेव्हा दीड-दोन महिने आधी खालचे कप्पे पुन्हा उघडतात. तोच नियम कुणीतरी नाताळाला लावतं आणि नोव्हेंबरात माझ्याकडे येतं, तेव्हा के-एल तर सोडाच, क्यूही गेलेला असतो. मंगळवारचं म्हणाल तर, पूर्वी भाडी यंत्रणेत ठरावीक वेळांना चढवली जायची आणि अमेरिकेतल्या देशांतर्गत सेलची घोषणा आठवड्याच्या सुरुवातीला व्हायची, तिथून ही समजूत पसरली. आता भाडी दिवसभर बदलत असतात. ब्राउझरच्या ‘गुप्त’ (इन्कॉग्निटो) खिडकीतून शोधलं तर भाव कमी दिसतो, हेही तसंच. दुपारी १६५० दिसलेलं रात्री १७९० दिसतं ते तुमच्यावर पाळत ठेवून वाढवलेलं नसतं. मधल्या वेळात त्या कप्प्यातली शेवटची जागा कुणीतरी धरून ठेवलेली असते. त्याने पैसे भरले नाहीत की ती सुटते आणि सकाळी पुन्हा १६५० दिसायला लागतं. वाराचा फरक मात्र खरा आहे, फक्त तो तिकीट काढण्याच्या वाराचा नाही, उडण्याच्या वाराचा आहे. बहुतेक भाड्यांत सोमवार ते गुरुवारचा दर वेगळा आणि शुक्रवार ते रविवारचा वेगळा असतो.

आता मुख्य मुद्दा, तारखा. जाऊन-येऊनचं भाडं म्हणजे बहुधा दोन अर्ध्या भाड्यांची बेरीज असते. जाण्याच्या दिवसाचा सीझन त्याचा अर्धा भाग ठरवतो आणि परतीच्या दिवसाचा सीझन दुसरा अर्धा. अमेरिकेतून निघणाऱ्यांसाठी जाण्याचा चढा सीझन साधारण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून २४ तारखेच्या आसपासपर्यंत असतो. परतीचा चढा काळ १ जानेवारीपासून पुढचे आठ-दहा दिवस. नेमक्या तारखा प्रत्येक कंपनी आपापल्या नियमांत लिहिते आणि दर वर्षी थोड्या सरकवते. शाळेच्या सुटीला बांधलेलं कुटुंब दोन्ही बाजूंनी या चढ्यात सापडतं. म्हणून निम्मं तरी सोडवता येतंय का, एवढंच बघायचं.

तुमच्या बाबतीत जाण्याची बाजू सोडवणं अवघड आहे. नाताळाच्या दिवशी किंवा २६ ला निघालं तर भाव खाली येतो, पण मग पोचणार २७ ला किंवा त्याहून उशिरा. कार्यक्रम सकाळी आणि पाहुणे दुपारी विमानतळावर, असं व्हायचं. २४ ला निघून २६ च्या पहाटे पोचणं कागदावर बसतं. तरी मी तो सल्ला देणार नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात उत्तर भारतात धुकं असतं आणि दिल्लीहून जोडविमान असेल तर सकाळची वेळ हमखास लांबते. शिवाय न्यू जर्सीकडे बर्फाचं वादळ आलं तर तिकडून निघतानाच दिवस जाऊ शकतो. नातवंडांनी आजोबांच्या बाबांना ओवाळायचं असेल तर कार्यक्रमाआधी पूर्ण दोन दिवस हातात हवेत. म्हणजे २२ किंवा २३ ला निघणं आलं. शाळा सुटतात त्या शुक्रवारच्या आणि शनिवारच्या विमानांपेक्षा आठवड्याच्या मधला दिवस बरा पडतो. नाताळ कुठल्या वारी येतो त्यावर शाळा नेमकी कधी बंद होणार हे ठरतं, तेव्हा नातीच्या शाळेचं वेळापत्रक आजच मागवून घ्या.

इथे एक गोष्ट विचारतो, रागावू नका. सहस्रचंद्रदर्शन २७ लाच का? लग्नाच्या मुहूर्तासारखं ते एका दिवसाला बांधलेलं नसतं. कुटुंबाच्या सोयीने पुढचा-मागचा दिवस घेतलेला मी अनेक घरांत पाहिलाय. तुमच्या गुरुजींना विचारून बघा. समजा कार्यक्रम १ किंवा २ जानेवारीला गेला, तर मुलं नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आरामात निघतील, २८ ला पोचतील आणि जाण्याची निम्मी बाजू चढ्या सीझनमधून सुटेल. कार्यालयाचा ॲडव्हान्स दिला असेल तर तो किती बुडेल ते मांडा आणि समोर तिकिटांमधला फरक मांडा. बहुतेक घरांत हा हिशेब कुणी करतच नाही, कारण कार्यालयाची तारीख बदलायची म्हणजे चार ठिकाणी फोन करावे लागतात आणि विमानाचे पैसे जावई भरणार असतात.

परतीच्या बाजूला तुमच्या धाकट्या नातवामुळे वेगळाच पेच आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन प्रवास करता येतो आणि त्याचं भाडं आंतरराष्ट्रीय तिकिटात मोठ्यांच्या मूळ भाड्याच्या साधारण दहा टक्के असतं. पण वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशी, तिकीट काढण्याच्या दिवशी नाही. तो ४ जानेवारीला दोन पूर्ण करतो. परतीचा प्रवास त्याच्या वाढदिवशी किंवा नंतर असेल तर त्याला स्वतःची खुर्ची घ्यावीच लागते. काही कंपन्या फक्त परतीच्या बाजूला मुलाचं भाडं लावतात, काही संपूर्ण प्रवासाला. मुलाचं भाडं अनेक ठिकाणी मूळ भाड्याच्या ७५ टक्के असतं, काही ठिकाणी सवलत काहीच नसते. त्यामुळे दोन पर्याय समोरासमोर ठेवून बघावे लागतील. एक, ३ जानेवारीपर्यंत परत जायचं: चढा दर, पण तीनच खुर्च्या. दुसरा, १० जानेवारीनंतर जायचं: उतरता दर, पण चार खुर्च्या, आणि नातीची आठवडाभर शाळा बुडणार. नुसत्या पैशाने पाहिलं तर बऱ्याचदा पहिला जिंकतो. पण दोन वर्षांचं चळवळं पोर पंधरा तास मांडीवर धरणं काय असतं, ते लेकीला विचारा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आया त्या वयाला खुर्ची घ्यायला सांगतात आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं.

१६५० चा भाव बरा की वाईट? नाताळाच्या आठवड्यासाठी, एकाच पीएनआरवर, एका थांब्याचं आणि माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा धरून असेल, तर मी तो वाईट म्हणणार नाही. मंदीत हेच तिकीट हजाराच्या आतबाहेर मिळतं, म्हणून तो आकडा डोळ्यांत सलतो. पण त्या दिवसांशी या दिवसांची तुलना करून उपयोग नाही. बॅगांचं मात्र नीट बघा. हल्ली काही स्वस्त भाड्यांत एकच बॅग असते आणि शोधयादीत तेच वरती दिसतं. चौघांच्या चार जादा बॅगांचे पैसे मिळवले की ते ‘स्वस्त’ तिकीट दुसऱ्याच्या बरोबरीला येऊन बसतं. परतताना चटण्या, पापड, दिवाळीचा उरलेला चिवडा आणि पैठण्या कशात भरणार, याचा विचार लेक करेलच.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आधी आठवडाभरात तारखा आणि परतीचा पेच सोडवायचा. तोवर गूगल फ्लाइट्सवर जाण्या-येण्याच्या तारखांच्या दोन-तीन जोड्यांवर भावाची सूचना लावून ठेवायची. मग एक कमाल आकडा घरात ठरवायचा, उदाहरणार्थ १७००, आणि त्याच्या आत सोयीचं विमान दिसलं की घेऊन टाकायचं, सप्टेंबरच्या मध्याच्या पुढे जाऊच द्यायचं नाही. अमेरिकेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला, शाळा सुरू झाल्या, की तिथले आपले लोक डिसेंबरचा विचार करायला बसतात. त्यानंतर खालचे कप्पे फार भराभर जातात, हा माझा दर वर्षीचा अनुभव आहे.

घेतल्यावर भाव उतरला तर? ही भीती जावयांनाही असणार. अमेरिकेतून निघणाऱ्या तिकिटाला त्याबाबतीत दोन आधार आहेत. पहिला, तिथल्या सरकारी नियमानुसार प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असताना थेट कंपनीकडून काढलेलं तिकीट २४ तासांच्या आत फुकट रद्द करता येतं, किंवा मग कंपनी तोच भाव २४ तास पैसे न घेता धरून ठेवते. म्हणजे रात्री दिसलेला भाव धरायचा आणि सकाळी इथे तुमच्याशी बोलून पक्का करायचा, एवढी सवड मिळते. हे बंधन विमान कंपनीवर आहे. मधल्या संकेतस्थळावर किंवा एजंटवर नाही, तेव्हा त्यांच्याकडून घेताना आधी विचारा. दुसरा आधार असा, की २०२० मध्ये युनायटेड, अमेरिकन आणि डेल्टा या कंपन्यांनी अमेरिकेतून सुरू होणाऱ्या बहुतेक तिकिटांवरचं बदलशुल्क काढून टाकलं. सगळ्यात खालचं ‘बेसिक इकॉनॉमी’ त्यात येत नाही. अशा तिकिटाचा भाव पुढे उतरला तर तेच तिकीट नव्या भावाने बदलून फरक क्रेडिट म्हणून मिळवता येतो. बाकीच्या कंपन्यांत बदलशुल्क कापून उरलं तरच फायदा. म्हणून दोन विमानांत भाव सारखा असेल तर मी ज्याचे बदलाचे नियम सैल, ते घ्यायला सांगतो.

नोव्हेंबरअखेरच्या ब्लॅक फ्रायडेच्या सेलची वाट बघू, असंही पुष्कळजण म्हणतात. सेलच्या भाड्याचे नियम उघडून वाचले की तिथे बंद तारखांची यादी असते आणि तुमच्या तारखा तिच्यात असतात. तो सेल जानेवारी-फेब्रुवारीच्या रिकाम्या विमानांसाठी असतो.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर भारतीय प्रवाशांची तिकिटं करणारे एजंट आहेत, त्यांनाही एक फोन करायला हरकत नाही. काही कंपन्या त्यांना संकेतस्थळावर न दिसणारे भाव देतात आणि चार जागा एकत्र हव्या असतील तेव्हा त्याचा उपयोग होतो. फक्त रद्द केलं तर किती कापणार, हे कंपनीचं आणि एजंटचं वेगवेगळं लिहून घ्या.

रुपयांचं उत्तर सोपं आहे. भाडं प्रवास जिथून सुरू होतो तिथल्या बाजाराचं लागतं. नेवार्कहून निघणारं तिकीट मी पुण्यात बसून काढलं तरी ते डॉलरच्या भाड्यावरच निघेल आणि त्या दिवसाच्या दराने रुपये होतील. माझ्याकडे जे खास करार आहेत ते भारतातून निघणाऱ्यांसाठी. याची एक उलटी बाजू मात्र दर वर्षी येणाऱ्यांच्या कामी येते. एकदा एकेरी तिकिटावर इथे यायचं, आणि परत जाताना मुंबई–नेवार्क–मुंबई असं भारतातून सुरू होणारं तिकीट घ्यायचं. त्याची परतीची बाजू पुढच्या डिसेंबरात वापरायची. मुंबईहून जानेवारीच्या उत्तरार्धात निघणं बहुधा स्वस्त सीझनमध्ये बसतं, त्यामुळे काही वर्षी जमतं छान. पण एकेरी तिकीट अनेक कंपन्यांत अव्वाच्या सव्वा असतं, वर्षभराची मुदत पाळावी लागते आणि पुढच्या डिसेंबरची तारीख जवळजवळ वर्षभर आधी ठरवावी लागते. तुमच्या लेकीचं दर वर्षी येणं ठरलेलं नसेल तर या फंदात पडू नका.

तुम्ही दोघांनी जानेवारीत जायचं, या पर्यायात तर सगळा हिशेब फिरतो. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्यांची गर्दी एप्रिल ते जून या काळात असते, मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आई-वडिलांची. मग जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची. नाताळाच्या सुटीची गर्दी ओसरली की जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत विमानांत जागा असते. तेव्हा इथे खरोखर थांबता येतं. ऑक्टोबरात भाव बघायला लागा, दिवाळीच्या आसपासच्या सवलतींवर नजर ठेवा आणि नोव्हेंबरात घ्या. व्हिसा दहा वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ती अडचण नाही. थंडी सोसणार का आणि आरोग्यविम्याचा हप्ता किती, हे प्रश्न आहेत. ते तुमचे तुम्ही ठरवा.

आतापर्यंतचं थोडक्यात: कार्यक्रमाची तारीख हलते का ते आधी बघा, मग परतीचे दोन हिशेब मांडा, मग कमाल आकडा ठरवून सप्टेंबरच्या मध्याआधी घ्या. तुम्ही दोघं जाणार असाल तर मात्र दिवाळीपर्यंत थांबा.

यातलं काहीही परिस्थितीने उलटंपालटं होऊ शकतं, हेही सांगायला हवं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांचे तास वाढले आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. आखातातलं आकाश काही तास बंद झालं तरी दोहा-दुबईमार्गे जाणाऱ्यांची साखळी तुटते. अशा वेळी भाव चढतात तसे कधी पडतातही, कारण लोक घाबरून तारखा पुढे ढकलतात. त्याचा अंदाज बांधून तिकीट काढता येत नाही. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर अडकल्यावर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते. दोन वेगळी तिकिटं जोडून शंभर-दीडशे डॉलर वाचवलेल्यांना तो आधार नसतो. लहान मुलं बरोबर असताना मी तसं तिकीट करूनच देत नाही.

पैसे भरण्याआधी कागद बघा. नातवंडं अमेरिकेची नागरिक असतील तर धाकट्याचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) झालंय का? नसेल तर त्याला किती आठवडे लागतील हे धरून चला, नाहीतर ई-व्हिसाची सोय बघा. लहान मुलांचा पासपोर्ट तिथे पाचच वर्षांचा असतो, नातीचा संपत आला असेल. लेक-जावई एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असतील आणि पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर इथल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन नवा व्हिसा लावून घेतल्याशिवाय (याला स्टॅम्पिंग म्हणतात) परत जाता येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये भारतातल्या अशा अनेक मुलाखती ऐनवेळी काही महिने पुढे गेल्या आणि सुटीला आलेले पुष्कळजण इथेच अडकले. तशी शक्यता असेल तर परतीची तारीख कमी पैशांत बदलता येईल असंच तिकीट घ्या, भले ते शंभर डॉलरने महाग असो. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर, असं फार असतं.

तुम्हाला सातारा गाठायचं आहे म्हणून आणखी एक. लेकीला मुंबईऐवजी नेवार्क ते पुणे असंही शोधून बघायला सांगा. दिल्लीमार्गे पुण्याला तेवढ्याच पैशांत मिळालं तर पुण्याहून सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबईहून त्याच्या दुप्पट. मात्र दिल्लीत धुक्यासाठी चार तास तरी हातात राहतील असं जोडविमान घ्या. मुंबईच घेतलं तर विमानतळ कुठला ते तपासा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय. एक विमान एकीकडे उतरून पुढचं दुसरीकडून असेल, तर बॅगा घेऊन शहर ओलांडावं लागेल. विमानतळाची तीन अक्षरं तिकिटावर छापलेली असतात. जुन्याची बीओएम, नवीन विमानतळाची एनएमआय.

आणि परतीची तारीख वाचताना जपा. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ३ जानेवारी, पहाटे २ वाजून काही मिनिटं असं असेल, तर तीन-साडेतीन तास आधी विमानतळावर पोचायचं म्हणजे मुलांना साताऱ्याहून २ तारखेला दुपारीच निघावं लागेल. गाडीवाल्याला २ तारीख सांगा.